‘अ’पाशी तुटणारी ओळ: वेब हेडर पार्स करण्याचे चार आठवडे

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सर्व्हरवर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१३ ही आवृत्ती चढवली आणि रात्रीच्या कामाने पहिल्याच ओळीला मान टाकली: सीजीआय नावाचं मॉड्यूल (भाषेसोबत येणारा तयार कोड) सापडत नाही. ते सापडणार नव्हतंच. ३.११ पासून ‘हे जुनं झालं, पुढे काढणार’ अशी सूचना येत होती आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मधून ते खरोखर काढलं गेलं. आमच्या कोडमध्ये त्यातलं एकच फंक्शन दोन ठिकाणी होतं. हेडरची, म्हणजे वेबवर फाइलसोबत येणाऱ्या ‘नाव: व्हॅल्यू’ अशा माहितीच्या ओळीची, मुख्य व्हॅल्यू आणि अर्धविरामानंतरचे पॅरामीटर वेगळे करून देणारं. दोन ओळी बदलायच्या, दुपारच्या चहाआधी संपेल असं वाटलं होतं. काम संपलं ३ फेब्रुवारीला. मधल्या चार आठवड्यांत जे कळलं ते क्रमाने लिहितेय, कारण ३.१३ वर जाताना याच खिंडीतून बऱ्याच जणांना जावं लागणार आहे.

आधी काम काय ते सांगते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका खोलीतून आमचा एक प्रोग्रॅम रोज रात्री गुजरात आणि महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या संस्थांच्या सर्व्हरवरून परिपत्रकं, अहवाल, पुस्तिका उतरवून घेतो. प्रत्येक फाइलसोबत आलेली हेडर कर्ल या फाइल उतरवणाऱ्या साधनाच्या डम्प-हेडर या पर्यायाने जशीच्या तशी डिस्कवर ठेवली जातात, म्हणजे फाइल कधी, कुठून, कोणत्या नावाने आली याची नोंद राहते. असे सुमारे अकरा हजार हेडर-गठ्ठे साठले होते. दुसऱ्या बाजूला एक छोटा सर्व्हर आहे, लोक त्यावर फाइल पाठवतात. त्यामुळे रिक्वेस्ट (मागणी) आणि रिस्पॉन्स (उत्तर) या दोन्हींची हेडर आम्हाला वाचावी लागतात.

पहिली गोष्ट, चालू काम थांबवू नका. आम्ही त्याच दुपारी ३.१२ परत लावलं. त्याला सुरक्षेची दुरुस्ती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे, तेव्हा घाई नव्हती. ज्यांना ३.१३ वर राहणं भाग आहे त्यांच्यासाठी लेगसी-सीजीआय नावाचं पॅकेज पायथॉनच्या पिप या साधनाने बसतं आणि जुना कोड तात्पुरता चालतो. पायथॉनचे स्वतःचे दस्तऐवज सुचवतात तो पर्याय म्हणजे ईमेल मॉड्यूलमधला मेसेज वर्ग: त्यात हेडर भरायचं आणि पॅरामीटर मागून घ्यायचे. साध्या कंटेंट-टाइपसाठी (फाइलचा प्रकार सांगणाऱ्या हेडरसाठी) तेवढं पुरतं.

आमचं तेवढ्यावर भागलं नाही, कारण त्या फंक्शनच्या आसपासचा आमचाच कोड उघडून पाहिला. पाच वर्षांपूर्वी लिहिलेला, बारा ओळींचा. फाइल बाइटमध्ये वाचायची, लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंचाने डीकोड करायची (बाइटची अक्षरं करायची), स्प्लिटलाइन्सने ओळी पाडायच्या, प्रत्येक ओळ पहिल्या विसर्गचिन्हापाशी (:) तोडायची, दोन्ही तुकड्यांना कडेची मोकळी जागा कापणारं स्ट्रिप लावायचं आणि एका नावाला एकच व्हॅल्यू ठेवणाऱ्या डिक्शनरीत टाकायचं. विसर्गचिन्ह नसलेली ओळ सोडून द्यायची. वाचायला अगदी बरोबर. या एका परिच्छेदात चार चुका आहेत आणि त्या शोधण्यातच निम्मा महिना गेला.

७ आणि ८ जानेवारी वाचनात गेले. जून २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ९११० आणि ९११२ यांच्याशिवाय इथे पाऊल टाकू नये. इंटरनेटवरचे बरेच लेख अजून १९९९ च्या २६१६ वर उभे आहेत. तो आधी २०१४ मध्ये बदलला, मग २०२२ मध्ये पुन्हा. सगळं वाचायची गरज नाही. ९११० मधला पाचवा विभाग आणि ९११२ मधले दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे विभाग पुरतात. आम्ही तेवढी पानं छापून घेतली, १६० रुपये झाले. पेन्सिलने ‘करायलाच हवं’, ‘करावं’ आणि ‘चालेल’ असे तीन प्रकार वेगवेगळे अधोरेखित केले. हा खर्च वसूल झाला, कारण पुढचे सगळे वाद त्या पेन्सिलीच्या खुणांवर मिटले.

९ जानेवारीला एक जुनी तक्रार समोर आली. नोव्हेंबरमध्ये एका संस्थेतून फोन आला होता: “ताई, परिपत्रकं सगळी दिसतात हो, पण अहवाल एकही नीट येत नाही.” तेव्हा त्यांच्या सर्व्हरची गडबड समजून मी ती चिठ्ठी भिंतीवर टोचून ठेवली होती. आता त्याच फाइलींचे गठ्ठे काढून पाहिले. हेडरमध्ये नाव व्यवस्थित होतं: कंटेंट-डिस्पोझिशन (फाइलचं नाव सांगणारं हेडर), अटॅचमेंट, आणि पुढे अवतरणचिन्हांत अहवाल. आमच्या प्रोग्रॅमला मात्र त्या नावाऐवजी दोनच विचित्र चिन्हं दिसत होती आणि तिथेच ओळ संपत होती.

बाइट एकेक करून छापले. बरोबरचं चिन्ह ६१, अवतरण ३४, मग २२४, १६४ आणि थांबलं. पुढच्या ‘ओळी’ची सुरुवात २२४, १६४, १८५ अशी. तो ‘ह’. मधला एक बाइट गायब. ‘अ’ हे अक्षर यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या पद्धतीत २२४, १६४, १३३ असं लिहिलं जातं. लॅटिन-१ ने डीकोड केलं की प्रत्येक बाइट स्वतंत्र चिन्ह होतो, आणि १३३ या जागी ‘पुढची ओळ’ नावाचं नियंत्रणचिन्ह बसलेलं आहे. पायथॉनचं स्ट्रिंगवर चालणारं स्प्लिटलाइन्स १० आणि १३ या ओळ संपवणाऱ्या नेहमीच्या चिन्हांसोबत ११, १२, २८, २९, ३० आणि १३३ यांनाही ओळीचा शेवट मानतं. म्हणजे आमच्या लेखी प्रत्येक ‘अ’ ही नवी ओळ होती.

मग सगळं उलगडलं. अहवाल, अर्ज, अधिसूचना, अंदाजपत्रक. सरकारी कागदांची अर्धी नावं ‘अ’ने सुरू होतात. गुजराती ‘अ’ २२४, १७०, १३३ असा आहे, म्हणजे तिकडचे ‘अहेवाल’ आणि ‘अरजी’ही त्याच जागी तुटत होते. देवनागरीत १३३ ने संपणारं आणखी एकच चिन्ह आहे, ते म्हणजे ‘ॅ’ची चंद्रकोर. त्यामुळे ‘कॅलेंडर’ही तुटत होतं. परिपत्रक मात्र सुखरूप, कारण त्यात यातलं काही नाही. इतके महिने हे लक्षात न येण्याचं कारण असं की काही सर्व्हर नाव टक्केचिन्हांच्या रूपात पाठवतात. तिथे नुसते साधे आस्की (इंग्रजी अक्षरांचे) बाइट असतात आणि काही बिघडत नाही. त्यामुळे काही अहवाल येत, काही येत नसत.

आमचं नुकसान नावापुरतं होतं, पण हीच चूक रिक्वेस्टच्या बाजूला असती तर दार उघडं राहिलं असतं. १३३ नंतर कुणी ‘कुकी:’ किंवा ‘होस्ट:’ असा मजकूर नावात घातला तर असा पार्सर (हेडर तोडून वाचणारा कोड) ते नवं हेडर म्हणून स्वीकारतो, आणि पुढे उभा असलेला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) त्याला नावाचाच भाग समजतो. दोघांनी एकच संदेश दोन प्रकारे वाचणं हेच या क्षेत्रातल्या बहुतेक हल्ल्यांचं मूळ आहे.

संध्याकाळी स्ट्रिपकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. एका सर्व्हरच्या स्वतःच्या हेडरमध्ये विभागाचं नाव अवतरणाशिवाय येतं आणि ते ‘विद्यापीठ’ या शब्दाने संपतं. ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. लॅटिन-१ मध्ये १६० ही न तुटणारी मोकळी जागा. स्ट्रिप तिलाही मोकळी जागाच समजून कापून टाकतं. उरतात २२४, १६४, आणि यूटीएफ-८ मध्ये परत वाचायला गेलं की ‘मजकूर मध्येच संपला’ असा एरर. पीठ, मठ, पाठ, ज्येष्ठ, जे काही ‘ठ’ने संपेल ते. आत काही न देता वापरलेलं स्प्लिटही याच जागांवर तोडतं.

उपाय कळल्यावर सोपा आहे: हेडर कोणतं ते कळेपर्यंत बाइट सोडायचे नाहीत. बाइटवरचं स्प्लिटलाइन्स फक्त १० आणि १३ पाहतं, पण तेही आम्ही वापरलं नाही, कारण एकटा १३ हाही त्याच्या लेखी ओळीचा शेवट असतो आणि ९११२ नुसार तो चालत नाही. आम्ही १० वर तोडतो आणि तुकड्याच्या शेवटी एक १३ असेल तर काढतो. त्यानंतरही आत १३ किंवा शून्य बाइट सापडला तर गठ्ठा नाकारतो. कडेची जागा काढताना स्ट्रिपला ‘फक्त ३२ आणि ९’ (मोकळी जागा आणि टॅब) असं स्पष्ट सांगायचं. लहान लिपीत (इंग्रजी छोट्या अक्षरांत) करायचं ते फक्त हेडरच्या नावाला, आणि तेही बाइट असतानाच, म्हणजे आस्कीपलीकडे हात लागत नाही. लॅटिन-१ स्ट्रिंगला मोठी लिपी लावली तर २२४ चा १९२ होतो, आणि १९२ हा बाइट वैध यूटीएफ-८ मध्ये कधीच येत नाही. तो मजकूर कायमचा गेला.

१० ते १३ जानेवारी गाभा लिहिण्यात गेले. सुमारे नव्वद ओळी. पहिलं काम हेडर कुठे संपतात ते शोधणं: १३, १०, १३, १० ही चौकडी. सॉकेटवरून (थेट जोडणीवरून) वाचताना हे चार बाइट एकाच तुकड्यात येतील याची काहीही हमी नसते. नवा तुकडा आला की शोध जुन्या शेवटापासून तीन बाइट मागे जाऊन सुरू करायचा. प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधणं बरोबर असलं तरी हळू पाठवणारा माणूस आपला प्रोसेसर दमवू शकतो. रिक्वेस्टच्या आधी एखादी रिकामी ओळ आली तर ती सोडून द्यावी, काही जुने क्लायंट ती पाठवतात.

मग पहिली ओळ. रिस्पॉन्समध्ये आवृत्ती, तीन अंकी कोड आणि कारणाचा मजकूर असतो. मजकूर रिकामा असू शकतो आणि त्यात जागाही असू शकतात, म्हणून जास्तीत जास्त दोनदाच तोडायचं. नियमाने मजकूर नसला तरी कोडनंतर एक जागा हवी, पण ती गाळणारे सर्व्हर आमच्या साठ्यातच सापडले. रिस्पॉन्स वाचताना आम्ही ते चालवून घेतलं.

हेडरच्या नावात ७७ बाइटच चालतात: ५२ इंग्रजी अक्षरं, १० अंक आणि १५ चिन्हं. अधोरेषा त्या १५ मध्ये आहे, म्हणून ती वैध. तरीही एंजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ मांडणीत अधोरेषा असलेली हेडर टाकून देतो. कारण पायथॉन प्रोग्रॅमला वेब सर्व्हरशी जोडणाऱ्या डब्ल्यूएसजीआयसारख्या पद्धतीत जोडरेषेची अधोरेषा होते, आणि मग दोन वेगळी हेडर एकाच नावावर येऊन बसतात. आपलं हेडर मध्येच कुठे नाहीसं होतंय असं वाटलं तर आधी नावात अधोरेषा आहे का ते पाहा.

नाव आणि विसर्गचिन्ह यांच्यामध्ये जागा असेल तर सर्व्हरने ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’) हा कोड देऊन रिक्वेस्ट नाकारायलाच हवी. मला सुरुवातीला हे जास्तच कडक वाटलं. पण ‘कंटेंट-लेंग्थ’ (संदेशाची लांबी) या नावानंतर जागा आणि मग विसर्गचिन्ह अशी ओळ एका सर्व्हरने स्वीकारली आणि दुसऱ्याने अनोळखी हेडर समजून सोडली, तर संदेश कुठे संपतो यावर दोघांचं एकमत राहत नाही. तसंच जागेने सुरू होणाऱ्या ओळीचं, म्हणजे मागच्या ओळीची घडी. ही पद्धत ईमेलमधून आली, १९८२ च्या आरएफसी ८२२ मधून, आणि २०१४ मध्ये ती वेबसाठी मोडीत काढली गेली. रिक्वेस्टमध्ये आली तर आम्ही ४०० देतो. साठवलेल्या रिस्पॉन्समध्ये आली तर घडीच्या जागी एक मोकळी जागा ठेवून जोडतो. हे दोन्ही ९११२ ला मान्य आहे.

१४ आणि १५ जानेवारी, उत्तरायण आणि वासी उत्तरायण. या दोन दिवसांत बडोद्यात कुणी खुर्चीवर बसत नाही, सगळे गच्चीवर. काम बंद.

१६ पासून शेवटची चूक हातात घेतली, डिक्शनरी. एकाच नावाचं हेडर दोनदा आलं तर आमच्याकडे शेवटचंच उरत होतं. नियम असा की यादी स्वरूपाची हेडर आलेल्या क्रमाने स्वल्पविरामाने जोडता येतात. अपवाद सेट-कुकीचा. तिच्या एक्स्पायर्समध्ये (मुदतीच्या तारखेत) वारानंतर स्वल्पविराम असतोच, त्यामुळे एकदा जोडलं की परत खात्रीने सोडवता येत नाही. लोकप्रिय रिक्वेस्ट्स लायब्ररीतही हेडर मागितलं की सेट-कुकी जोडून मिळते. सुटी हवी असेल तर खालच्या रॉ ऑब्जेक्टच्या हेडरवर गेट-लिस्ट वापरावं लागतं. आम्ही डिक्शनरीच काढून टाकली. आता नाव आणि व्हॅल्यू यांच्या जोड्यांची क्रमवार यादी आहे, वर दोन छोटी फंक्शनं: ‘सगळ्या द्या’ आणि ‘एकच असायला हवी, ती द्या’. दुसऱ्याला दोन सापडल्या तर ते एरर देतं. होस्टसाठी (कोणती साइट हवी ते सांगणाऱ्या हेडरसाठी) हेच हवं. एचटीटीपी १.१ च्या रिक्वेस्टमध्ये होस्ट नसेल किंवा एकाहून जास्त असतील तर उत्तर ४००.

पॅरामीटर तोडायला तीन दिवस लागले, १७ ते २० जानेवारी, मध्ये रविवार. सीजीआयचं फंक्शन हेच करायचं. अर्धविरामावर सरळ तोडलं की ‘अहवाल; भाग २’ अशा नावाचे दोन तुकडे होतात. म्हणून एकेक बाइट पुढे सरकणारं छोटं यंत्र लिहिलं. त्याच्या तीन अवस्था: अवतरणाबाहेर, अवतरणात, आणि अवतरणात उलट्या तिरप्या रेषेनंतर. तिसऱ्या अवस्थेत पुढचा बाइट काहीही असो, जसाच्या तसा घ्यायचा आणि दुसऱ्या अवस्थेत परत यायचं. शेवट दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत झाला तर अवतरण बंदच झालं नाही, व्हॅल्यू नाकारायची. चाळीसेक ओळी होतात आणि रेग्युलर एक्स्प्रेशनपेक्षा (मजकूर शोधायच्या साच्यापेक्षा) हे पुन्हा वाचताना कळतं. माझ्या मते इथे रेग्युलर एक्स्प्रेशन वापरूच नये.

एक सावधानता मात्र हवी. अवतरण दिसलं म्हणजे हाच नियम असं नाही. ईटॅगही (फाइलच्या आवृत्तीची खूण) अवतरणात असतो, पण त्यात उलटी तिरपी रेषा हे साधं चिन्ह आहे, ती काहीही सोडवत नाही. त्याच्या आत स्वल्पविरामही चालतो. त्यामुळे इफ-नन-मॅच या हेडरमधली ईटॅगची यादी नुसत्या स्वल्पविरामावर तोडली की चुकते. फॉर्ममधून फाइल येते तेव्हा प्रत्येक भागाची स्वतःची हेडर असतात, आणि तिथे ब्राउझर नावातल्या अवतरणाला टक्केचिन्हाच्या रूपात लिहितात. तिरपी रेषा तिथेही साधीच. आम्ही आधी एकच फंक्शन तिन्हीकडे लावलं होतं. आता तीन आहेत.

फाइलच्या नावाचा क्रम असा ठेवला. फाइलनेमनंतर तारा असलेला पॅरामीटर असेल तर तोच घ्यायचा. त्यात आधी अक्षरसंचाचं नाव, मग एक एकेरी अवतरण, मग भाषा किंवा काहीच नाही, मग दुसरं एकेरी अवतरण, आणि शेवटी टक्केचिन्हांचा मजकूर. तो नसेल तर साधा फाइलनेम: त्याचे बाइट आधी काटेकोर यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, जमलं नाही तरच लॅटिन-१. हा क्रम उलटा करू नका, कारण लॅटिन-१ कधीच नाही म्हणत नाही. ईमेलमध्ये लांब नावाचे क्रमांक टाकून तुकडे करायची पद्धत आहे, वेबच्या नियमात ती नाही. मिळालेल्या नावातून दोन्ही प्रकारच्या तिरप्या रेषांपर्यंतचं सगळं कापून फक्त शेवटचा भाग ठेवायचा, नाहीतर समोरचा सर्व्हर आपल्याच डिस्कवर नको त्या फोल्डरमध्ये लिहू शकतो.

२१ जानेवारी, कंटेंट-लेंग्थ. इथे पायथॉनचं इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) फारच उदार आहे. अधिक चिन्ह, वजा चिन्ह, कडेच्या जागा, अंकांमधली अधोरेषा सगळं चालतं. आणि ज्याने मी चमकले ते असं की स्ट्रिंगमधले देवनागरी अंकही इंटला चालतात, ‘४२’ दिलं की बेचाळीस मिळतात. घरच्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला ही सोय फार छान, संदेशाच्या लांबीला धोक्याची. आधी इजडिजिटने (सगळे अंकच आहेत का ते पाहणाऱ्या फंक्शनने) तपासावं म्हटलं तर तेही स्ट्रिंगवर देवनागरी अंकांना हो म्हणतं. शिवाय वर्गाचा लहान २ हे चिन्ह लॅटिन-१ मध्ये १७८ वर आहे: इजडिजिट त्याला हो म्हणतं आणि इंट एरर देतं. म्हणजे कुणीही एक बाइट पाठवून आपल्या सर्व्हरला ५०० (‘सर्व्हरमध्ये बिघाड’) द्यायला लावू शकतो. इथेही उत्तर तेच, बाइटवरचं इजडिजिट. ते फक्त शून्य ते नऊ या दहा आस्की अंकांना ओळखतं. वर अंकांची संख्या १५ पेक्षा जास्त नको अशी मर्यादा घातली.

कंटेंट-लेंग्थ दोन आणि वेगवेगळ्या असतील तर नाकारायचं. त्या सारख्याच असतील तर नियम दोन्हीला मुभा देतो. आम्ही रिक्वेस्टमध्ये तेही नाकारतो. ट्रान्स्फर-एन्कोडिंग (मजकूर तुकड्यांत येतोय असं सांगणारं हेडर) आणि कंटेंट-लेंग्थ दोन्ही आल्या तर ट्रान्स्फर-एन्कोडिंगचं ऐकायचं आणि उत्तरानंतर जोडणी बंद करायची, किंवा सरळ ४०० द्यायचा. पुढच्या प्रॉक्सीने एकीचं ऐकलं आणि मागच्या सर्व्हरने दुसरीचं, तर एका माणसाच्या रिक्वेस्टचं शेपूट दुसऱ्याच्या रिक्वेस्टचं डोकं बनतं. आम्ही ४०० निवडला आणि त्यानंतर एकाही खऱ्या माणसाची अडचण झाली नाही.

तारखांनी अर्धाच दिवस घेतला. तीन रूपं स्वीकारावी लागतात: आजचं, दोन अंकी वर्षाचं जुनं, आणि सी भाषेतल्या एएससीटाइमचं. पाठवताना मात्र पहिलंच. स्ट्रपीटाइम (पायथॉनचं तारीख वाचणारं फंक्शन) टाळा. प्रोग्रॅममध्ये कुठेही लोकेल (भाषेची मांडणी) मराठी केली की त्याला ‘संडे’चं लघुरूप ओळखू येत नाही. ईमेल मॉड्यूलमधलं तारखेचं फंक्शन तिन्ही वाचतं, फक्त एएससीटाइमच्या रूपात क्षेत्र लिहिलेलं नसल्याने परत येणारी वेळ क्षेत्राविना असते. तिला हाताने यूटीसी लावा, नाहीतर तुलना करताना एरर येतो. रिट्राय-आफ्टरमध्ये (पुन्हा कधी विचारावं ते सांगणाऱ्या हेडरमध्ये) तारीखही येते आणि नुसते सेकंदही.

२३ जानेवारीला महिन्याला ६०० रुपये भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला आणि सगळे अकरा हजार गठ्ठे नव्या पार्सरवर सोडले. पहिल्या फेरीत चारशेहून जास्त नाकारले गेले. मन खट्टू झालं, पण नोंदी वाचल्यावर दिसलं की बहुतेक दोष पार्सरचा नव्हता, साठवणीची पद्धत आम्ही विसरलो होतो. कर्लला पत्ता बदलला की मागे जायला सांगितलेलं असतं, त्यामुळे एका फाइलमध्ये ३०१ चा गठ्ठा, रिकामी ओळ, मग २०० चा गठ्ठा असे दोन-तीन रिस्पॉन्स एकाखाली एक असतात. आपल्याला शेवटचा हवा. तसंच १०० आणि १०३ हे मधले निरोप आहेत, खरा रिस्पॉन्स त्यांच्यानंतर येतो. एचटीटीपी २ वरून आलेल्या गठ्ठ्यांत सगळी नावं लहान लिपीत आणि कारणाचा मजकूर नाहीच. याहून फसवी गोष्ट अशी की ट्रान्स्फर-एन्कोडिंग तुकड्यांची आहे असं हेडर सांगतं, पण कर्लने तुकडे आधीच जोडून फाइल ठेवलेली असते. त्या हेडरवर विश्वास ठेवून पुन्हा तुकडे सोडवायला गेलं की फाइल खराब. कॉम्प्रेस्ड हा पर्याय वापरला असेल तर कंटेंट-लेंग्थ दाबलेल्या आकाराची असते, डिस्कवरच्या फाइलची नाही. साठवलेली हेडर म्हणजे प्रवासात काय होतं त्याची नोंद. हातातल्या फाइलचं वर्णन म्हणून ती वाचू नयेत.

चाचण्यांना २४ ते ३० जानेवारी हा आठवडा दिला. सगळ्यात उपयोगी ठरल्या त्या दोन, आणि त्या कुणालाही तासाभरात लिहिता येतील. एक: प्रत्येक नमुना एकेक बाइट करून पार्सरला भरवायचा, आणि एकदम भरवल्यावर येतं तेच उत्तर यायला हवं. दोन: ० ते २५५ यातला प्रत्येक बाइट चार जागी घालून पाहायचा: नावात, विसर्गचिन्हाआधी, व्हॅल्यूच्या मध्ये आणि शेवटी. १०२४ चाचण्या होतात, सेकंदही लागत नाही. नावात ७७ च चालायला हवेत. व्हॅल्यूच्या मध्ये २२४ चालतात: टॅब, ३२ ते १२६, आणि १२८ ते २५५. उरलेले ३२ नाकारले जायला हवेत. ही एकच चाचणी पाच वर्षांपूर्वी असती तर १३३ आणि १६० त्याच दिवशी पकडले गेले असते.

मर्यादाही याच आठवड्यात घातल्या. अपाची हा वेब सर्व्हर एका हेडरला ८१९० बाइट आणि एकूण १०० हेडर इतकी मुभा देतो, एंजिनएक्सचा एक बफर ८ केबीचा असतो. आम्ही ओळीला ८ केबी, संख्येला १०० आणि सगळ्यांना मिळून ६४ केबी ठेवलं. ओलांडलं की ४३१ (‘हेडर फार मोठी’). हे बाइट येत असतानाच मोजायचं. सगळं आल्यावर मोजलं तर मेमरी आधीच भरलेली असते.

थेट जोडणीवर मात्र हा पार्सर आम्ही पुढे केलेला नाही. बाहेरच्या जगाला तोंड द्यायला एंजिनएक्स आहे आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षं वापरात असलेली तयार लायब्ररी. साठवलेले गठ्ठे वाचायचे नसते तर मी स्वतःचा पार्सर लिहिलाच नसता. कुणी विचारलं तर आधी हेच सांगेन.

३ फेब्रुवारीला ३.१३ पुन्हा चढवलं. रात्रीचं काम सुरळीत पार पडलं. जुन्या साठ्यातल्या ३१२ फाइलींना त्यांची खरी नावं परत मिळाली, कारण मूळ बाइट डिस्कवर शाबूत होते. बिघाड फक्त वाचण्यात होता. नऊ राहिल्या. त्यांचे गठ्ठे कुणीतरी मध्यंतरी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केले होते आणि त्यात १३३ च्या जागी प्रश्नचिन्ह बसलं होतं. त्या नऊ फाइली मूळ सर्व्हरवरून परत मागवायला लावल्या आहेत. हेडर-गठ्ठ्यांचं फोल्डर आता फक्त-वाचा करून ठेवलंय, आणि भिंतीवरची ती नोव्हेंबरची चिठ्ठी काढण्याआधी त्या संस्थेला फोन केला. त्यांच्या यादीत सगळ्यात वर ‘अहवाल’ दिसत होता.